फॉरमॅट फाइल, बल्क इन्सर्ट आणि बागायतदारांची यादी

फाइलमधला डेटा एका झटक्यात टेबलमधे ओतणारी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची आज्ञा म्हणजे बल्क इन्सर्ट, ती चालवताना ७३३० नंबरचा एरर पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं कुणीतरी सर्व्हरवर भलतंच काहीतरी सेट करून ठेवलंय, कारण त्यात लिहिलेलं असतं की बल्क नावाच्या प्रोव्हायडरकडून लिंक्ड सर्व्हर नल साठी ओळ आणता येत नाही, आणि त्या मशीनवर लिंक्ड सर्व्हर, म्हणजे जोडलेला दुसरा सर्व्हर, नावाला सुद्धा नव्हता. तो मेसेज वाचून घाबरायचं नाही. एसक्यूएल सर्व्हर बल्क इन्सर्ट आतून ओएलई डीबी या डेटा पोचवणाऱ्या यंत्रणेच्या वाटेने चालवतो म्हणून फाइलमधे काहीही बिघडलं तरी शेपटीला बहुतेक वेळा ७३९९ आणि ७३३० हे दोघं येतात. खरी तक्रार त्यांच्या वरच्या ओळीत असते. मी आता खालचं लाल अक्षर वाचतच नाही, सरळ वर स्क्रोल करतो.

तर काम असं होतं. आमच्या एका क्लायंटकडे निफाड, दिंडोरी, चांदवड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांची यादी आहे, शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, वाण, क्षेत्र, छाटणीची तारीख, बँक खातं असं सगळं, आणि हे वर्षानुवर्षं एक्सेलमधे साठलेलं. प्रत्येक गावाची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलची तऱ्हा वेगळी. ते सगळं एसक्यूएल सर्व्हरमधे न्यायचं, आणि ते पण हंगामाच्या आधी, कारण एकदा माल सुरू झाला की नाशिकच्या अंबडमधल्या त्यांच्या ऑफिसात तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. सर्व्हर म्हणजे २०१६ ची एक्सप्रेस एडिशन, फुकटची, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, यांना तेवढी पुरून उरते. अडचण अशी की कोट्समधल्या (अवतरणचिन्हांतल्या) सीएसव्हीला, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या मजकूर फाइलला, समजून घेणारा फॉरमॅट सीएसव्ही हा पर्याय बल्क इन्सर्टला २०१७ पासून मिळाला. २०१६ वाल्यांनी फॉरमॅट फाइलच लिहायची, म्हणजे डेटा फाइलमधला कुठला तुकडा टेबलच्या कुठल्या कॉलममधे जातो ते सांगणारी फाइल. शिवाय यांच्या फाइलमधले कॉलम आणि आमच्या टेबलमधले कॉलम यांचा क्रम पण जुळत नव्हता, त्यामुळे फॉरमॅट फाइल लागणारच होती.

पाथचा घोळ पटकन सांगून टाकतो. बल्क इन्सर्टमधे तुम्ही सी ड्राइव्हचा पाथ दिला की तो सी ड्राइव्ह सर्व्हरचा, तुमच्या लॅपटॉपचा नाही. फाइल नेटवर्कच्या शेअरवर ठेवली तर ४८६१ आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टीम एरर कोड ५ म्हणजे परवानगी नाही. एसक्यूएल लॉगिनने गेलात तर सर्व्हिसच्या अकाउंटला त्या फोल्डरची परवानगी लागते, तुमच्या अकाउंटला असून उपयोग नाही. आणि कोड ३२ आला तर कुणीतरी ती फाइल एक्सेलमधे उघडून बसलंय. तिथले हिशेब बघणारे काका फाइल उघडी ठेवूनच जेवायला जायचे. "अहो भाऊ, मी फक्त बघतोय, बदलत थोडीच आहे काही," असं त्यांचं म्हणणं, आणि एक्सेलला हे कोण सांगणार.

आता मूळ विषय. फॉरमॅट फाइल हाताने लिहायची नसते, बीसीपी या एसक्यूएल सर्व्हरच्या कमांड लाइन टूलला टेबलचं नाव देऊन फॉरमॅट नल आणि छोटा सी, छोटा एफ असे स्विच दिले की ती तयार मिळते. मी ती माझ्या लॅपटॉपवर काढली, तिथे २०१९ ची टूल्स, आणि फाइल क्लायंटच्या सर्व्हरवर टाकली तर तो म्हणतो या फाइलची व्हर्जन मला माहीत नाही. पहिल्या ओळीत १५.० असतं ना, ते म्हणजे २०१९. २०१७ चं १४.०, २०१६ चं १३.०. नवीन सर्व्हर जुनी व्हर्जन वाचतो पण जुना सर्व्हर नवी वाचत नाही. पहिली ओळ १३.० केली, पुढे सरकलं. दुसऱ्या ओळीत फक्त एकूण फील्ड (डेटाच्या ओळीचे तुकडे) किती तो आकडा.

त्याखाली प्रत्येक फील्डची एक ओळ आणि त्यात आठ रकाने. फील्डचा नंबर, फाइलमधला प्रकार, प्रीफिक्सची लांबी, डेटाची लांबी, टर्मिनेटर (फील्ड कुठे संपतो ते दाखवणारं चिन्ह), टेबलमधल्या कॉलमचा नंबर, कॉलमचं नाव, कोलेशन (अक्षरांचा संच आणि क्रम). यातला सहावा रकाना खरा, सातवा नुसता शोभेचा, निदान बल्क इन्सर्टसाठी तरी. म्हणजे नाव रिकामं ठेवता येत नाही पण तिथे काहीही लिहा, जुळणी नंबरवरूनच होते. आमच्याकडे गाव आणि तालुका यांची नावं आदलाबदल करून बघितली होती, लोड केलं, तरी निफाड गावाच्या कॉलममधेच. सहाव्या रकान्यातले नंबर बदलल्यावर लगेच जागेवर आलं. आणि जो फील्ड टेबलमधे न्यायचाच नाही त्याच्या सहाव्या रकान्यात शून्य. हे शून्य पुढे फार कामाला येतं.

दुसऱ्या रकान्याबद्दल एक. फाइल मजकुराची असेल, म्हणजे नोटपॅडमधे उघडून वाचता येत असेल, तर सगळीकडे एसक्यूएलचार, म्हणजे मजकूर, तारीख असो, आकडा असो, पिनकोड असो. आमच्यातल्या एका नव्या पोराने टेबल बघून पिनकोडला एसक्यूएलइंट टाकलं, त्याला वाटलं कॉलम इंट (पूर्णांक) आहे तर प्रकार पण इंट. पण तो रकाना फाइलमधे काय आहे ते सांगतो, टेबलमधे काय आहे ते नाही. एसक्यूएलइंट म्हटलं की सर्व्हर चार बाइट उचलतो आणि त्यांनाच बायनरी आकडा समजतो, मग ४२२००३ चं पंचवटी राहत नाही, भलतंच काहीतरी अवाढव्य होतं.

मग एक फील्ड नको म्हणून मधली ओळच काढून टाकली गेली आणि ४८२३, इनव्हॅलिड कॉलम नंबर. बीसीपीने तीच फाइल वाचली की तो होस्ट कॉलम नंबर चुकीचा असं म्हणतो, अर्थ एकच. पहिल्या रकान्यातले नंबर एकापासून ओळीने, मधे खाडा न पडता पाहिजेत आणि वरचा एकूण आकडा पण तेवढाच पाहिजे. हा एरर त्यातल्या त्यात प्रामाणिक. जे बिघडलंय तेच सांगतो.

सगळ्यात वैताग दिला तो ४८६२ ने. फाइल वाचता आली नाही, ऑपरेटिंग सिस्टीम एरर कोड नल, म्हणजे रिकामा. नल! फाइल जागेवर आहे, परवानग्या आहेत, टाइप या कमांडने बघितली तर दिसते, आणि हा म्हणतो वाचता आली नाही आणि का ते मला पण माहीत नाही. याची दोन कारणं मला प्रत्यक्ष भेटली. एक म्हणजे फॉरमॅट फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नव्हता. हो, एवढंच. कर्सर शेवटच्या ओळीच्या टोकाला नेऊन एंटर मारायचा आणि सेव्ह करायचं. दुसरं म्हणजे एन्कोडिंग, अक्षरं बाइटमधे कशी लिहिली जातात ते. फॉरमॅट फाइल विंडोजच्या पॉवरशेल या कमांड लाइनमधून बाणाने (>) फाइलमधे ढकलून बनवली की पॉवरशेल ५.१ ती यूटीएफ १६ मधे लिहितो, दिसायला सेम टू सेम, पण प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमधून यूटीएफ ८ म्हणून सेव्ह केली तर सुरवातीला तीन बाइटचा बॉम (एन्कोडिंगची खूण) चिकटतो. फॉरमॅट फाइल साधी, आन्सी, बिनबॉमची ठेवायची. त्यात मराठी लिहायची गरजच नसते, शोभेचा सातवा रकाना इंग्रजीतच ठेवा.

इथपर्यंत फॉरमॅट फाइल वाचली जायला लागली आणि मग डेटा सुरू झाला, म्हणजे खरं महाभारत.

मला जी गोष्ट समजायला वेळ लागला आणि जी कळल्यावर उरलेले सगळे एरर आपोआप सुटत गेले ती अशी, की बल्क इन्सर्टला ओळ माहीतच नसते. आपण फाइल बघतो तेव्हा आपल्याला ओळी दिसतात, शेतकऱ्याची एक ओळ, त्याखाली दुसऱ्याची. सर्व्हरला दिसते बाइटची एक सलग पट्टी. पहिल्या फील्डचा टर्मिनेटर सापडेपर्यंत वाचायचं, तो सापडला की दुसऱ्या फील्डचा शोधायचा, शेवटच्या फील्डचा सापडला की परत पहिल्यापासून. शेवटच्या फील्डचा टर्मिनेटर आपण ओळसंपणी म्हणून ठेवतो हा आपला प्रकार, त्याच्या दृष्टीने तो पण एक टर्मिनेटरच. म्हणून पत्त्यात एक स्वल्पविराम जास्त आला तर तो म्हणत नाही की या ओळीत जास्तीचा कॉलम आहे. शर्टाचं एक बटण चुकल्यावर खालची सगळी चुकावीत तसं पत्त्याचं शेपूट पिनकोडमधे जातं, पिनकोड मोबाइलमधे, आणि शेवटचा फील्ड एंटर सापडेपर्यंत उरलेलं सगळं गिळतो. एरर येतो ४८६४, टाइप मिसमॅच, ओळ अमुक, कॉलम तमुक. आपण त्या कॉलमकडे बघत बसतो. बिघाड असतो त्याच्या दोन-तीन कॉलम डावीकडे. कधीकधी वरच्या ओळीत.

एका गावाची फाइल लिनक्सवरच्या कुठल्यातरी ॲपमधून आली होती. तिच्यात ओळीच्या शेवटी नुसता एलएफ हे ओळ बदलायचं चिन्ह (लिहिताना बॅकस्लॅश एन), आणि आमच्या फॉरमॅट फाइलमधे त्याआधी सीआर पण, म्हणजे बॅकस्लॅश आर बॅकस्लॅश एन. तो टर्मिनेटर त्या फाइलमधे कुठेच नाही, मग शेवटचा फील्ड फाइलच्या टोकापर्यंत पसरणार. ४८६६, कॉलम फारच लांब आहे, टर्मिनेटर तपासा. त्यातलीच बारकी नमुना फाइल दिली तर ४८३२, अनपेक्षितपणे फाइल संपली. दोन्हींचं दुखणं एकच. फॉरमॅट फाइलमधे नुसतं बॅकस्लॅश एन केलं की झालं. पण याच गोष्टीसाठी तुम्ही फॉरमॅट फाइल न वापरता बल्क इन्सर्टच्या आत रो टर्मिनेटर म्हणून बॅकस्लॅश एन दिलंत तर सर्व्हर आपणहून त्याच्या आधी बॅकस्लॅश आर लावतो, तिथे शून्य एक्स शून्य ए असं हेक्समधेच (एलएफचा सोळाच्या पायातला आकडा) लिहावं लागतं. एकाच चिन्हाचे दोन ठिकाणी दोन अर्थ, कुणाच्या डोक्यातून आलं असेल काय माहीत. तेव्हापासून कुठलीही फाइल आली की नोटपॅड प्लस प्लसमधे उघडायची आणि सगळी अक्षरं दाखवा हे बटण दाबायचं, सीआर एलएफ काय ते डोळ्यांनी दिसतं.

फर्स्टरो २, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून वाच, याचं पण तेच. सगळे जण ते हेडर (कॉलमच्या नावांची पहिली ओळ) गाळायला वापरतात, मी पण. पण तो हेडर गाळत नाही, एक फेरी टर्मिनेटर मोजून पुढे जातो. आमच्या हेडरमधे कोट्स नव्हते आणि खालच्या डेटात होते, टर्मिनेटर कोट-स्वल्पविराम-कोट असा, मग त्याने हेडर आणि पहिला शेतकरी मिळून एक ओळ धरली आणि दोघांना गाळलं. एरर नाही, काही नाही. मोजणीत प्रत्येक फाइलला एक माणूस कमी. असले गप्प बसणारे प्रकार मला लाल अक्षरांपेक्षा जास्त घातक वाटतात, लाल अक्षर निदान थांबवतं तरी.

आता कोट्स. फॉरमॅट फाइलमधे कोट असलेला टर्मिनेटर लिहिता येतो, बॅकस्लॅश लावून. ओळीच्या सुरवातीचा पहिला कोट खायला एक डमी फील्ड ठेवायचा, लांबी शून्य, टर्मिनेटर नुसता कोट, सहाव्या रकान्यात ते वरचं शून्य. मधल्या फील्डांना कोट-स्वल्पविराम-कोट आणि शेवटच्याला कोट आणि मग सीआर एलएफ. एकदम छान चालतं, पण एकच अट, कोट्स प्रत्येक फील्डला, प्रत्येक ओळीत पाहिजेत. एक्सेल तसं करत नाही. ज्या खान्यात स्वल्पविराम, कोट किंवा एंटर आहे तेवढ्यालाच कोट लावतो, म्हणजे गंगापूर रोड, नाशिक याला कोट आणि नुसत्या ओझरला नाही. अशा फाइलसाठी कितीही डोकं लावा, फॉरमॅट फाइल लिहिता येत नाही.

यावर उपाय पॉवरशेल ५.१ मधेच निघाला. त्याचा एक्स्पोर्ट सीएसव्ही सगळ्या फील्डना कोट लावतो, हेडरला पण. लोक या सवयीला नावं ठेवतात, आमचं मात्र तिने भलं केलं. इम्पोर्ट सीएसव्हीने वाचायचं, एक्स्पोर्ट सीएसव्हीने यूटीएफ ८ मधे परत लिहायचं, नो टाइप इन्फर्मेशन हा स्विच विसरायचा नाही, नाहीतर वर एक फालतू ओळ येते आणि परत मोजणी बिघडते. असं केल्यावर हेडर पण नीट गळलं. पत्त्यात कुणी ऑल्ट एंटर मारून दोन ओळी केलेल्या होत्या त्या पण सुखरूप आल्या, कारण आता ओळ संपते ती कोटानंतरच्या एंटरला, कुठल्याही एंटरला नाही. पॉवरशेल सुरवातीला बॉम लावतो तो डमी फील्डच्या पोटात जातो, कारण डमी पहिल्या कोटापर्यंतचं सगळं खातो. मजकुराच्या आतला कोट मात्र दुहेरी होऊन येतो, तो नंतर रिप्लेसने एकेरी करायचा.

मराठीचं वेगळंच. काकांकडचा एक्सेल जुना, त्यात सीएसव्ही यूटीएफ ८ हा पर्यायच नाही, आणि साधं सीएसव्ही सेव्ह केलं की सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात. ती प्रश्नचिन्हं झाली की परत काही मिळत नाही, फाइलमधेच प्रश्नचिन्ह लिहिलेलं असतं. त्यांना युनिकोड टेक्स्ट म्हणून सेव्ह करायला लावलं, ती यूटीएफ १६ आणि टॅबवाली फाइल, पॉवरशेलला एन्कोडिंग युनिकोड आणि डिलिमिटर टॅब सांगितला की तो वाचतो. ती थेट पण लोड करता येते, एसक्यूएलएनचार लावून आणि प्रत्येक टर्मिनेटरच्या अक्षरामागे बॅकस्लॅश शून्य लिहून, पण कोट्स एक्सेल तिथे पण अर्धवटच लावतो म्हणून मी ती वाट सोडली. यूटीएफ ८ लोड करताना कोडपेज (फाइल कुठल्या एन्कोडिंगमधे आहे ते सांगणारा नंबर) ६५००१ द्यायचं, ते २०१६ मधे चालतं. ते न देता लोड केलं तर नावांच्या जागी तिरकी मात्रा दिलेला इंग्रजी ए (à) आणि चलनाचं गोल चिन्ह (¤) यांची रांग. हे दिसलं तर डेटा मेलेला नाही, फाइलमधे तो व्यवस्थित आहे, फक्त कोडपेज चुकलंय.

कोडपेज बरोबर केल्यावर पण ठराविक गावं अडकत होती, ट्रंकेशन, म्हणजे मजकूर मावत नाही म्हणून. ओझर जायचं, वणी जायचं, पिंपळगाव बसवंत नाही. टेबलमधे गावाचा कॉलम एनव्हारचार १५, म्हणजे पंधरा चिन्हांपर्यंतचा युनिकोड मजकूर, कुणी एवढी कंजुषी केली देव जाणे, पण पिंपळगाव बसवंत मधे मात्रा, अनुस्वार आणि मधली मोकळी जागा धरून चौदा कोडपॉइंट (सुटी युनिकोड चिन्हं), म्हणजे बसायला हवं. घोळ चौथ्या रकान्यात होता. बीसीपीने पंधराच्या दुप्पट करून तिथे ३० लिहिलेलं, आणि ती लांबी फाइलमधल्या बाइटची. यूटीएफ ८ मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा सुद्धा. तेरा त्रिक एकोणचाळीस आणि मोकळ्या जागेचा एक, चाळीस बाइट. तिसाच्या डब्यात चाळीस कसे मावणार. इंग्रजी डेटावर तपासणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही. टर्मिनेटर असलेल्या फील्डला चौथ्या रकान्यात शून्य लिहून लांबी मोकळी सोडता येते, मी सगळीकडे तेच केलं.

एवढं झाल्यावर एकही एरर न येता सगळं लोड झालं, आणि काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "भाऊ, मे महिन्यात गोडी छाटणी कोण करतं हो?" फाइलमधे ०५/१०/२०२३ होतं. सर्व्हरची भाषा अमेरिकन, त्याने महिना आधी धरला आणि १० मे करून टाकलं. २५/१० वाल्या तारखा ४८६४ मारून अडकल्या होत्या आणि त्या आम्ही हाताने नीट केल्या होत्या, पण बारा तारखेच्या आतल्या सगळ्या गुपचूप उलट्या होऊन बसलेल्या. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी हे इथल्या कुणालाही माहीत असतं, डेटाबेसला नसतं.

मग टेबल रिकामं करून पद्धतच बदलली. आधी एक कच्चं टेबल, सगळे कॉलम एनव्हारचार आणि ऐसपैस, त्यात बल्क इन्सर्ट, तिथे टाइप मिसमॅचचा प्रश्नच येत नाही. मग ट्राय कन्व्हर्ट, जे जमलं तर प्रकार बदलतं नाहीतर नल देतं, तारखेला १०३ ही स्टाइल म्हणजे दिवस आधी, आणि जिथे नल येईल त्या ओळी वेगळ्या काढायच्या. या वेगळ्या काढलेल्या ओळींत गंमत निघाली, गट नंबरच्या कॉलममधे १२-जान. गट १२/१ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतो. जिथे त्या खान्यात अजून खरी तारीख होती तिथून दिवस आणि महिना उलगडून १२/१ परत मिळवलं, पण सोळा आकडी बँक खाती गेली ती गेली, एक्सेल पंधरा आकडेच लक्षात ठेवतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य टाकतो. ती पासबुकवरून परत घ्यावी लागली. आता काकांच्या एक्सेलमधे ते दोन्ही कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवलेत.

एररफाइल हा पर्याय पण लावून ठेवा, नाकारलेल्या ओळी एका फाइलमधे आणि कारणं तिच्याच जोडीच्या दुसऱ्या फाइलमधे पडतात. मॅक्सएरर्स (किती चुका चालवून घ्यायच्या) सांगितलं नाही तर दहा धरतो आणि त्यापुढे सगळंच रद्द करतो, मी चाचणीच्या वेळी मोठा आकडा देतो म्हणजे एका फटक्यात सगळी रड कळते. एररफाइल आधीची तिथेच पडलेली असेल तर त्यावरूनच नवीन एरर येतो, म्हणून नावात वेळ घालायची.

काही गावांच्या फाइल अजून बाकी आहेत. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेल्या आहेत, फॉन्ट असलेल्या मशीनवर छान मराठी दिसते आणि सर्व्हरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्याला कुठलंच कोडपेज लागू पडत नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढायचं आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलंय, रोज दुपारी थोडं थोडं, आणि फाइल बंद करून जेवायला जा एवढं फक्त मी सांगून ठेवलंय.